बाईंचा लाल शाईतला प्रश्न

नववीच्या सहामाहीत ‘इंका साम्राज्याचा अंत’ या टिपेत मी लिहिलं होतं, ‘१५३३ साली पिझारोने कुस्को घेतले व साम्राज्य संपले.’ बाईंनी पूर्ण गुण दिले, पण समासात लाल शाईने विचारलं, ‘आणि माणसं?’

निवृत्तीनंतर पेरूला जायचा योग आला. कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर. पहिले दोन दिवस चार पायऱ्या चढलो की धाप लागे. गावात कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर. त्याच्याच भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचं चर्च चढवलं. १९५० च्या भूकंपात चर्चची बरीच पडझड झाली आणि चुन्याविना रचलेल्या जुन्या भिंती पुन्हा उजेडात आल्या. दोन दगडांच्या सांध्यात मी नख घालून पाहिलं, शिरलं नाही.

मुख्य चौक देखणा आहे, पण मला तिथे बसवेना. स्पॅनिशांनीच गादीवर बसवलेला मांको इंका १५३६ मध्ये उलटला आणि त्याने कित्येक महिने या शहराला वेढा घातला. पुढे विल्काबांबाच्या जंगलात त्याच्या घराण्याने १५७२ पर्यंत राज्य टिकवलं. त्या साली शेवटचा इंका तुपाक आमारू याचा याच चौकात शिरच्छेद झाला. १७८१ मध्ये त्याचंच नाव घेऊन बंड करणाऱ्या त्याच्या वंशजालाही इथेच मारलं, तेही बायको-मुलाला त्याच्या डोळ्यांदेखत मारून. मग इंकांचा पोशाख आणि क्वेचुआ भाषा यांवर बंदी आली. म्हणजे माझं ‘संपलं’ निदान अडीचशे वर्षं घाईचं होतं!

तिथून खाली उरुबांबाच्या खोऱ्यात ओयान्तायतांबोला गेलो. इथे मांकोच्या लोकांनी पाटाचं पाणी शिवारात सोडलं, घोडे अडखळले आणि एर्नांदो पिझारोला माघार घ्यावी लागली. गावातल्या गल्ल्या अजून इंकांनी आखलेल्याच आहेत. कडेच्या दगडी पाटांतून पाणी खळाळतं. बाजारात एक आजी चुन्यो विकत होती : रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटे. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. (आपल्या मधल्या सुट्टीतल्या वड्याचा बटाटा मुळात या डोंगरांतलाच.) शेजारी बसलेल्या नातवाला ती काहीतरी रागावत होती, क्वेचुआमधून.

बाई, तुम्ही संमेलनाला येणार असं कळलं. उत्तरपत्रिका कधीच हरवली. उत्तर उशिरा देतोय, गुण नकोत.