बाड, पोथी आणि विद्यापीठाचं कपाट

शताब्दीच्या अंकात विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काय काम, असं कुणी माउली विचारील. काम आहे, आणि ते आपल्या बीडपासूनच सुरू होतं.

बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडत, त्यांच्या हाती ती लागली. भाषा पाहून त्यांचं मत झालं की नाथमहाराजांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्याही आधीची ही प्रत आहे. १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली आणि ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. अभ्यासक आजही तिला 'राजवाडे प्रत' म्हणतात. मूळ पोथी मात्र पुढे नाहीशी झाली. छापील पुस्तक राहिलं, पण कागद कुठला, शाई कसली, समासात कुणाच्या हातचं काय लिहिलं होतं, हे पडताळायचं साधनच गेलं. ती खरोखर किती जुनी, हा विद्वानांचा वाद त्यामुळे मिटायचा राहिला.

एका प्रतीवर विसंबू नये ही शिकवण आपल्या गंगाथडीचीच. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण हातोहात नकला होताना त्यात भलतंसलतं शिरलं होतं. तुकोबांच्या गाथ्याचं तेच. मुंबई सरकारने पैसा दिला तेव्हा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून पाहिल्या आणि १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून काढला. आज आपण भजनाला घेतो त्या गाथ्यांमागे अशा हातच्या वह्या आहेत.

पोथी कशी व्हायची तेही पाहण्यासारखं आहे. कागद जुन्नरचा, नाही तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. शाई काजळ आणि डिंकाची. दंड, अध्यायाचं नाव, 'उवाच' हे हिंगुळाने तांबडं करायचं. चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ फासायचा आणि वरून पुन्हा लिहायचं. 'हरताळ फासणे' हा शब्द आपण रोज बोलतो, तो या पोथीवाल्यांचा आहे. काजळाची शाई शेकडो वर्षं काळी राहते, पण पाणी लागलं की पसरते. हिराकस घातलेली शाई पाण्याला दाद देत नाही, पण कागदालाच खाते. अक्षराच्या जागी भोक पडलेली पानं त्यामुळे दिसतात. शेवटी लिहिणारा शक, तिथी, गाव घालतो आणि विनवतो की पाहिलं तसं लिहिलं, मला दोष देऊ नका, तेलापाण्यापासून जपा. कागद पुरेना तर काय करतात, ते अंबाजोगाईला दासोपंतांच्या पासोडीत पाहावं. अख्खं पंचीकरण कापडावर लिहिलंय!

पण पोथीपेक्षा आपल्या जवळची वस्तू म्हणजे बाड. अरुंद, लांबट वही, वरच्या बाजूला शिवलेली, पान वर उलटायचं. कीर्तनकाराच्या, टाळकऱ्याच्या झोळीत राहणारी. तिच्यात नामदेवांचा अभंग, पुढे जनाबाई, मग कबीराचं पद, मध्येच एखादं औषध, उसनवारीचा आकडा. पोथीसारखा आरंभ नाही, समाप्ती नाही. म्हणून जुने संशोधक बाडाकडे जरा खालच्या नजरेने बघत. त्यांना पूर्ण ग्रंथ हवा असे. अलीकडे नजर बदलली. ख्रिश्चन नोवेत्स्की या अमेरिकन अभ्यासकाने नामदेवांवर २००८ साली पुस्तक लिहिलं, त्यात ही बाडंच पुढे घेतली. ग्रंथात काय लिहिलं ते पोथी सांगते. उभं राहून लोकांपुढे काय गायलं, कशाला काय जोडलं, ते बाड सांगतं. कीर्तनाचा इतिहास लिहायचा तर बाडाशिवाय गत्यंतर नाही, असं माझंही मत आहे.

आता ही बाडं गेली कुठं? पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, भांडारकर संस्था १९१७ ची. धुळ्याला राजवाड्यांच्या मागे राजवाडे संशोधन मंडळ निघालं आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याच्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांचं नाव आहे. आपण मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ चं, शिकवणं उर्दूतून. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं ते २३ ऑगस्ट १९५८ ला. तोवर आपल्या वाड्या-मठांतल्या दप्तराला जवळचं असं दार नव्हतंच.

'आमच्या पोथ्या बाहेर नेल्या' असा सूर आपल्याकडे ऐकू येतो. खोटा नाही तो. पण ज्या गेल्या त्यातल्या पुष्कळ टिकल्या, आणि ज्या माळ्यावर राहिल्या त्यांना कसर लागली, वाळवी लागली, नाही तर जीर्ण झाल्या म्हणून भक्तिभावाने गंगेत सोडल्या. सोडणाऱ्याच्या मनात अनादर नव्हता. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या. गोदावरीत सोडलेलं बाड कुणाच्या हाती परत आल्याचं काही ऐकिवात नाही.

संस्थेत ठेवलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, मोडतोड झाली, ग्रंथ विखुरले. पाटांगणची पोथी तर थोर संशोधकाकडे गेली होती, तरी राहिली नाही. म्हणून आता कपाटाबरोबर कॅमेऱ्यावर भर आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं ते नोंदणीसाठी आणि अशाच कामासाठी. अशा ग्रंथालयात पोथी आली की आधी ती वेगळी ठेवतात, कीड मारतात, मऊ कुंच्याने धूळ काढतात, फाटलं तिथं पातळ कागद खळीने लावतात. मग दाखल क्रमांक, मोजमाप, पानं किती, सुरुवात कशी, शेवट कसा. वाचायला बसणाऱ्याला शाईचा पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते.

आपल्या दिंडीत कुणाकुणाच्या घरी मोडी अक्षरातल्या वह्या असतील, त्या काढून बघाव्यात. मोडी येत नाही म्हणून रद्दी समजू नये. १९४७-४८ ला रझाकारी चालू असताना इथून किती माणसं पंढरीला निघाली, कुणी वाट दाखवली, का वारी चुकली? बहात्तरच्या दुष्काळात मुक्कामाला शिधा कुणी घातला? हे छापील इतिहासात सापडायचं नाही. मुक्काम, माणसं, दाळ-पीठ-गुळाचा हिशोब ज्या वहीत आहे, तिच्यातच सापडलं तर सापडेल. करोनाच्या २०२० सालची वही ही तर आपल्याच हातची आहे, तिला सुद्धा जपायला हवं. तिच्यात कोरी पानं असली तरी.

मूळ वही देववत नसेल तर देऊ नये. ग्रंथालयाला फोटो काढू द्यावेत, एक संच दिंडीपाशी ठेवावा. द्यायचीच ठरली तर नुसती हातात टेकवून येऊ नये. देणगीचा कागद करून घ्यावा, त्यावर दिंडीचं नाव, गावाचं नाव आणि कुणाच्या घरातून आली ते लिहून पोच घ्यावी. त्यांच्या सूचीत 'प्राप्तिस्थान' म्हणून एक रकाना असतो. पुष्कळ पोथ्यांपुढे तो कोरा आहे.