अंधार ओळखणारा डोळा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून भर दुपारी येताना भाताण किंवा माडपचा बोगदा लागला, की एक गंमत पाहायला मिळते. काही गाड्यांचे दिवे बोगद्याच्या तोंडाशी आपोआप लागतात, पण बाहेर उन्हात आल्यावर ते लगेच विझत नाहीत. थोडा वेळ रेंगाळतात आणि मग बंद होतात. हा यंत्राचा आळस आहे असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र त्या सगळ्या रचनेतली खरी शहाणपणाची गोष्ट तीच वाटते. हे शहाणपण मोटारीत आलं कुठून, ते सांगायचं तर आधी रस्ता सोडून समुद्राकडे जावं लागेल.

1873 साली इंग्लंडमध्ये विलोबी स्मिथ नावाचा तारायंत्राचा अभियंता समुद्राखालून जाणाऱ्या केबलची चाचणी घेत होता. केबल टाकत असताना ती कुठे तुटली तर नाही ना, हे सतत तपासायचं असे. त्यासाठी विजेला भरपूर विरोध करणारा पदार्थ हवा होता. स्मिथनं सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. या कांड्यांचं वागणं काही केल्या एकसारखं राहीना. आज एक आकडा, उद्या दुसरा. शेवटी लक्षात आलं, की कांडी झाकणाच्या पेटीत ठेवली आणि झाकण सरकवलं, की आकडा बदलतो. उजेड पडला की सेलेनियममधून वीज सुकर वाहते, अंधारात अडते. सेलेनियम हे नाव बर्झेलियसनं 1817 साली चंद्राच्या ग्रीक नावावरून ठेवलं होतं. चंद्राच्या नावाचा पदार्थ उजेड ओळखणारा निघावा, हा योगायोगच.

म्हणजे उजेड 'कळणारा' पदार्थ मोटार रस्त्यावर येण्याच्या आधीच हाती आला होता. पण अंधार पडला की आपोआप दिवा लावण्याचं काम पहिल्यांदा गाजवलं ते विजेनं नव्हे, तर चार धातूच्या दांड्यांनी. त्यामागचा माणूस स्वीडनचा गुस्ताफ डालेन.

स्वीडनचा किनारा म्हणजे खडकांचा आणि हजारो लहान बेटांचा. तिथे दीपगृहं आणि तरंगते दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. प्रत्येक खडकावर माणूस नेमणं परवडणारं नव्हतं आणि दिवसभर वायू जाळणंही नव्हे. डालेननं 1907 साली 'सूर्यझडप' तयार केली. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा शब्दांनीच रेखाटतो. मधोमध एक काजळी काळी दांडी, भोवती तीन चकचकीत दांड्या. ऊन पडलं की काळी दांडी उजेड शोषून घेते, किंचित तापते आणि केसभर लांब होते. चकचकीत दांड्या उजेड परतवतात, त्या तेवढ्या वाढत नाहीत. या केसभर फरकानं एक तरफ हलते आणि वायूची वाट बंद होते. अंधार पडला की काळी दांडी आखडते, वायू सुटतो आणि लहानशी जळती ज्योत त्याला पेटवते.

यातली खुबी अशी, की हवा तापली किंवा गारठली तर चारही दांड्या सारख्याच वाढतात किंवा आखडतात, त्यामुळे झडप हलत नाही. ती मोजते फक्त उजेड. उकाडा आणि उजेड यांची गल्लत न करणारं यंत्र, तेही एकही तार न वापरता! मला विचाराल तर आजच्या कुठल्याही सेन्सरपेक्षा हे अधिक देखणं आहे.

डालेनला या कामासाठी 1912 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. डिसेंबरात पारितोषिक घ्यायला तो जाऊ शकला नाही. त्याच्या वतीनं ते स्वीकारलं त्याच्या भावानं, आल्बिननं, आणि हा भाऊ होता डोळ्यांचा डॉक्टर. कादंबरीत लिहिलं तर वाचक म्हणेल, हे जरा अतीच झालं. डालेन त्यानंतर पंचवीस वर्षं जगला आणि 1937 साली मरेपर्यंत त्यानं आपली कंपनी चालवली.

त्या काळात मोटारींचे पुढचे दिवेही ॲसिटिलीनचेच असत. पाणी आणि कार्बाइडचा तो उग्र वास जुन्या पिढीतल्या अनेकांना गॅसबत्त्यांमुळे ठाऊक असेल. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगनं विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आणले. तिथून दिवे झपाट्यानं प्रखर होत गेले आणि नवीच अडचण उभी राहिली. आपला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला. आपल्याकडे मालमोटारीच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची जी विनंती रंगवलेली असते, तिचं मूळ इथे आहे.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं 1952 साली या विनंतीवर यांत्रिक उत्तर दिलं. ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांच्या डॅशबोर्डवर काचेमागे एक लहानसा डोळा बसवला जाऊ लागला. नाव 'ऑट्रॉनिक आय'. आत प्रकाशाला संवेदनशील निर्वात नळी. समोरून गाडी आली की तिच्या उजेडानं नळीत क्षीण प्रवाह उठायचा, तो वाढवून एक रिले हलवायचा आणि दिवे अप्परवरून डिपरवर यायचे.

आता गंमत बघा. समजा, अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या. दोघींनी एकमेकींचा प्रखर उजेड पाहिला आणि दोघींनी दिवे खाली केले. आता समोरचा उजेड कमी झाला. मग दोन्ही डोळ्यांना वाटणार, गाडी गेली! दोन्ही पुन्हा अप्पर, पुन्हा डिपर. रस्त्याच्या मधोमध दोन गाड्या एकमेकींना डोळे मिचकावत राहणार. यावर अभियंत्यांनी तोडगा काढला तो असा: दिवे खाली करायला भरपूर उजेड लागावा, पण एकदा खाली आले की तसेच राहायला अगदी थोडा उजेडही पुरावा. येण्याचा उंबरठा वेगळा, जाण्याचा वेगळा. तरीही रस्त्यावरचे दिवे आणि चकाकणाऱ्या पाट्या या डोळ्याला फसवत, म्हणून चालकाच्या पायाशी असलेलं बटण कायम राहिलं.

दिवे नुसते वर-खाली न करता संध्याकाळी स्वतःहून लावण्याची सोय 1960 च्या दशकात कॅडिलॅकमध्ये आली. तिचं नाव 'ट्वायलाइट सेंटिनल', म्हणजे तिन्हीसांजेचा पहारेकरी. गाडी बंद करून तुम्ही घराच्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत हा पहारेकरी दिवे चालू ठेवायचा. पुढे अशा कामांसाठी कॅडमियम सल्फाइडचे स्वस्त सेल सर्रास वापरले गेले. कॅडमियम विषारी असल्यानं युरोपात त्याच्यावर निर्बंध आले आणि आता ही जागा सिलिकॉननं घेतली आहे.

आता बोगद्यातल्या त्या रेंगाळण्याकडे येऊ. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो. आपला डोळा या दोन टोकांमध्ये इतक्या बेमालूम जुळवून घेतो, की सांज कधी झाली ते चालकाला कळतच नाही. म्हणून तर माणूस दिवे उशिरा लावतो. सेन्सरला ही सवय नसते, तो आकडा पाहतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक 48 क्रमांकाच्या नियमानुसार बाहेरचा उजेड 1000 लक्सच्या खाली गेला, तर दिवे दोन सेकंदांच्या आत लागले पाहिजेत. विझण्यासाठी मात्र उजेड 7000 लक्सच्या वर जावा लागतो आणि तसा तो गेल्यावरही पाच सेकंदांहून अधिक, फार तर 300 सेकंद थांबायचं असतं. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीनं ठरवायचं.

लागायला घाई, विझायला सबुरी. उंबरठा एकच ठेवला असता, तर वडाच्या झाडांच्या जुन्या रस्त्यावर प्रत्येक सावलीगणिक दिवे लुकलुकले असते आणि समोरच्याला वाटलं असतं, हा आपल्याला काही इशारा करतोय. पुष्कळ गाड्यांत आरशामागे दोन डोळे असतात. एक आभाळाकडे पाहतो, दुसरा सरळ पुढे. पुढचा काळोखला आणि वरचा लख्ख असला, तर समोर बोगदा आहे हे यंत्र आधीच ताडतं.

पण या डोळ्याला एक गोष्ट दिसत नाही, आणि पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातून जाणाऱ्यांनी ती ऐकून ठेवावी. ती म्हणजे धुकं. दिवसा धुकं पांढरंशुभ्र, उजळ असतं. आकडा हजार लक्सच्या वरच राहतो. सेन्सरच्या लेखी स्वच्छ दिवस आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसत नाही. तिथे बटण 'ऑटो'वर ठेवून निर्धास्त राहणं जिवावर बेतू शकतं. दिवे हातानंच लावावे लागतात.

आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन' सक्तीचं झालं. नावात ऑटोमॅटिक असलं तरी तिथे डोळाबिळा काही नाही. इंजिन चालू असेपर्यंत दिवा लागलेला, एवढंच. दिवस आहे की रात्र हा प्रश्नच त्यानं विचारायचं सोडून दिलंय. स्वीडननं 1977 मध्ये सगळ्या वाहनांना दिवसाही दिवे लावायला लावले होते, त्याच जातीचा हा उपाय. दुचाकी लांबून दिसते, त्यामुळे मला तो पटतो.

चारचाकीत मात्र त्यातून वेगळाच घोळ झाला. दिवसा लागणाऱ्या बारीक दिव्यांची सोय आली, पण अनेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. त्यात डॅशबोर्ड आता चोवीस तास उजळलेला. शहरातल्या झगमगाटात चालकाला वाटतं आपले दिवे लागलेत आणि मागून पाहणाऱ्याला गाडी म्हणजे नुसता काळा ठोकळा. कॅनडात याला 'भुताची गाडी' अशा अर्थाचं नाव पडलं. तिथे सप्टेंबर 2021 पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांसाठी नियम आला आणि कंपन्यांपुढे तीन वाटा ठेवल्या गेल्या. दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचेही दिवे लागू द्या. नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लावा. तेही जमत नसेल, तर चालकासमोरचा डॅशबोर्ड अंधारातच ठेवा, म्हणजे निदान त्याला चाचपडत दिव्याचं बटण शोधावं लागेल.