काळा रंग हरवलेला साप

अमेरिकेच्या आग्नेय भागात उंदरांच्या मागावर धान्याच्या कोठारात शिरणारा एक बिनविषारी साप आहे, कॉर्न स्नेक. अंगावर नारिंगी-तांबडे मोठे डाग, त्यांना काळी किनार. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात असा एक नर सापडला, की ज्याच्या अंगावर काळ्याचा मागमूस नव्हता. एरवी तो काचेच्या पेटीत मिरवून संपला असता. पण तो आला डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे, आणि हे गृहस्थ होते त्वचारोगतज्ज्ञ! कातडीचा रंग हा त्यांचा रोजचाच विषय.

त्यांनी पत्नीसह त्या नराची वीण साध्या मादीशी घडवली. अशा जोडीची पिल्ले साधीच निघतात. मात्र ती आपसांत जुळली, की हरवलेला गुण साधारण चारांत एका पिल्लात पुन्हा वर येतो. मेंडेलने वाटाण्यावर मांडलेले गणितच हे. १९६२ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केले.

पुढे तांबडा रंग हरवलेले सापही मिळाले. दोन्ही उणिवा एकत्र आल्या, की पांढरा-गुलाबी ‘स्नो’. दोन्ही गुण सुप्त असलेल्या जोडीला सोळांत सरासरी एकच. धीर हवा!

बेक्टेल यांच्या सापाला ‘अल्बिनो’ म्हणणे मला खटकते. तांबडा रंग तर शाबूतच असतो. २०१५ मध्ये जिनिव्हातील संशोधकांना कारण सापडले. ओसीए-२ या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला होता. हाच जनुक माणसात दोन्हींकडून बिघडलेला आला, तर पांढुरक्या केसांचे, उजेडात डोळे मिटणारे मूल जन्मते. आईवडील दिसायला चारचौघांसारखे. बोट मात्र पुष्कळदा एकट्या आईकडे दाखवले जाते.