मदतनिधी आणि मतपेटी : न्यू डील काळातील सार्वजनिक खर्चाचे राजकारण

मंदीच्या काळी सरकारने खर्च वाढवून रोजगार निर्माण करावा, हे तत्त्व अर्थशास्त्रात आता सुप्रतिष्ठित झाले आहे. परंतु हा खर्च ज्यांच्या हातून होतो ते लोक निवडणूक लढविणारेही असतात, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या चर्चेत बहुधा मागे पडते. सत्ताधारी पक्ष मदतनिधीचा उपयोग स्वतःच्या लाभासाठी करतो, तेव्हा तो नेमका कोणत्या मार्गाने करतो? अमेरिकेतील न्यू डीलचा इतिहास या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फ्रँक्लिन रूझवेल्ट १९३३ च्या मार्चमध्ये अध्यक्षपदी आले, तेव्हा अमेरिकेतील श्रमिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकार होते. त्याच वर्षी मे महिन्यात संघराज्याच्या मदतकार्यासाठी ५० कोटी डॉलर मंजूर झाले व त्याची सूत्रे हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे आली. १९३५ च्या कायद्याने याहून कितीतरी मोठी, सुमारे ४८८ कोटी डॉलरांची रक्कम अध्यक्षांच्या हाती दिली आणि तीतूनच ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ (डब्ल्यू. पी. ए.) ही संस्था उभी राहिली. १९४३ मध्ये ती बंद होईपर्यंत सुमारे ८५ लक्ष लोकांना तिने काम दिले. रस्ते, शाळा, पूल, विमानतळ यांच्या रूपाने तिचे कार्य आजही दृष्टीस पडते. हे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन वाचावयाचे आहे.

या कायद्यात रक्कम मोठी होती. राज्यांराज्यांत ती कोणत्या प्रमाणात वाटावी याचे सूत्र मात्र नव्हते. आणीबाणीत त्वरा आवश्यक असल्याने विधिमंडळाने तपशील शासनावर सोपविला. शिवाय वार्षिक ५,००० डॉलर वा अधिक वेतनाच्या नेमणुकांना सेनेटची संमती लागेल, अशी अट घालण्यात आली. वरकरणी हे नियंत्रण होते. परिणामी मात्र राज्याचा मदतप्रमुख कोण असावा याविषयी त्या राज्याच्या सेनेटरांचा शब्द वजनदार ठरला. पक्षयंत्रणेला शासनात शिरण्यास कायद्यानेच वाट करून दिली असे म्हणावे लागते.

तथापि या साऱ्यामागे केंद्राचेच कारस्थान होते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३५ च्या मार्चमध्ये ओहायो राज्याचे गव्हर्नर मार्टिन डेव्ही यांच्या निवडणूक समितीने मदतकार्याला माल पुरविणाऱ्यांकडून वर्गणी उकळल्याचा आरोप करून हॉपकिन्स यांनी तेथील मदतव्यवस्था केंद्राच्या ताब्यात घेतली. डेव्ही हे रूझवेल्ट यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तीन वर्षांनंतर चित्र पालटले. १९३७ च्या उत्तरार्धात मंदी पुन्हा उसळली आणि १९३८ मध्ये खर्चाचा नवा कार्यक्रम मंजूर झाला. हे निवडणुकीचेही वर्ष होते. केंटकी राज्यात सेनेटच्या जागेकरिता डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत बहुमत पक्षाचे नेते ॲल्बेन बार्कले यांच्यापुढे गव्हर्नर चँडलर उभे राहिले. बार्कले यांच्या प्रचारासाठी रूझवेल्ट जुलैत स्वतः केंटकीत गेले. तत्पूर्वीच, जूनमध्ये, पत्रकार टॉमस स्टोक्स यांनी लेखमाला लिहून डब्ल्यू. पी. ए. च्या कामगारांवर बार्कले यांच्यासाठी दबाव येत असल्याचे आरोप केले होते. हॉपकिन्स यांनी त्यांपैकी बहुतेक नाकारले. स्टोक्स यांना मात्र १९३९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सेनेटच्या शेपर्ड समितीने चौकशी केली, तेव्हा दोष एका बाजूचा नव्हता असे दिसून आले : बार्कले यांच्यासाठी केंद्राच्या नोकरांकडून, तर चँडलर यांच्यासाठी राज्याच्या नोकरांकडून पैसे गोळा झाले होते. ज्याच्या घरची चूल त्या आठवड्याच्या मजुरीवर पेटत होती, त्याला मुकादमाने सहज विचारलेला राजकीय प्रश्नही धमकीसारखाच वाटत असला पाहिजे. बार्कले सुमारे ७० सहस्र मतांनी विजयी झाले. मदतनिधीमुळेच ते निवडून आले असे सिद्ध करता येत नाही. पण अपराधाचे स्वरूप निकालावर अवलंबून नसते.

या प्रकरणाचे फळ म्हणजे १९३९ च्या ऑगस्टमधील हॅच कायदा. न्यू मेक्सिकोचे सेनेटर कार्ल हॅच हे स्वतः डेमोक्रॅट होते. मदतीचे आमिष वा ती बंद करण्याची धमकी देऊन मत मिळविणे, तसेच मदतकामावरील लोकांकडून राजकीय वर्गणी मागणे, हे या कायद्याने गुन्हा ठरविले. काही वरिष्ठ पदे वगळता केंद्रीय नोकरांना प्रचारात सक्रिय भाग घेण्यास बंदी केली. १९४० मध्ये केंद्राच्या निधीतून वेतन घेणाऱ्या राज्य व स्थानिक नोकरांनाही तो लागू झाला.

परंतु हा कायदा नोकराच्या वर्तनाला लागू पडतो, निधीच्या वाटपाला नव्हे. दरडोई खर्च पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या राज्यांत, विशेषतः नेव्हाडात, अधिक झाला. दारिद्र्याने ग्रासलेल्या दक्षिणेला मात्र कमी वाटा मिळाला. गॅव्हिन राइट यांनी १९७४ मध्ये या विषमतेची सांगड राज्यांच्या निवडणूकविषयक महत्त्वाशी घातली. दक्षिण डेमोक्रॅटांचीच हमखास होती. तेथे एक डॉलर अधिक खर्चून काही साधावयाचे नव्हते. जॉन वॉलिस यांनी यावर आक्षेप घेऊन राज्यांनी स्वतः घातलेल्या रकमेकडे लक्ष वेधले. रस्त्यांच्या निधीच्या सूत्रात क्षेत्रफळ मोजले जात असल्याने विस्तीर्ण राज्यांना लाभ झाला, हेही खरे. पुढील संशोधनात गरज व राजकारण हे दोन्ही हेतू एकत्र वावरताना दिसतात.

यावरून निष्पन्न होते ते असे. पक्षपाताचे दोन प्रकार आहेत : दबावाचा आणि वाटपाचा. पहिला उघडकीस येतो, कारण त्याला साक्षीदार असतो. दुसऱ्यात कोणी कायदा मोडत नाही व कोणी तक्रारही करीत नाही. १९३९ च्या सुधारणेने पहिल्याला आवर घातला, दुसऱ्याला स्पर्श केला नाही. मदतीचा हक्क व वाटपाचे प्रमाण कायद्यात आधीच लिहिलेले असेल, तर देणाऱ्याला उपकारकर्त्याचा आव आणता येत नाही. संकटाच्या घाईत हे लिहावयाचे राहून जाते. ज्या बेकार माणसाच्या नावाने निधी मंजूर होतो, त्यालाच मग त्या घाईचे मोल आपल्या मताच्या स्वातंत्र्याने चुकवावे लागते.