परडं म्हणजे ‘रिकामी जागा’ नव्हे!

आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आणि भावकीत वाद पेटला. घर तुमचं, कबूल. पण मागचं परडं कुणाचं?

मग मी कायदाच काढला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्या व्याख्यांत ‘परडी जमीन’ आहे: गावठाणातल्या घरांकडची लागवडीची जमीन. आणि ‘वाडा जमीन’: गुरं बांधायची, पीक, वैरण, खत ठेवायची मोकळी जागा. इंग्रजी संहितेतही हेच शब्द, जसेच्या तसे. वाडा म्हटलं की आपल्याला पेशवाईतला चौसोपी वाडा आठवतो. पण मूळ संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपणातली जागा. गुरांचा वाडा हा जुना अर्थ कायद्याने जपलाय. कलम 125 तर अशा जमिनींना ठरावीक मर्यादेत साराही माफ करतं.

आता मुद्द्याचं. गावठाणातल्या घरांना सहसा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळतेय. तेव्हा चौकशीला हजर राहा; घराच्या भिंतींबरोबर परडं आणि गोठ्याची जागाही दाखवा. आज नोंद राहिली तर उद्या नातवंडं कोर्टात भांडतील.