‘फाटणें’ आणि ‘फाडणें’

जुन्या कागदांच्या याद्या करितांना ‘फाटका’ हा शेरा आपण फार सढळपणें लिहितों. कागद कसरीनें खाल्लेला असो, घडीवर तुटलेला असो, किंवा कोणी हातानें त्याचे दोन तुकडे केलेले असोत, शेरा एकच. मराठींत मात्र ‘फाटणें’ व ‘फाडणें’ हीं दोन निराळीं क्रियापदें आहेत. त्यांतील भेद केवळ व्याकरणाचा नाहीं. कित्येकदां त्यावर कागदाचा अर्थच अवलंबून असतो, एवढें या टिपणांत दाखवावयाचें आहे.

‘फाडणें’ याचें मूळ संस्कृत ‘पाटयति’ हें होय. हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘पाटि’ धातूच्या आरंभींच्या पकाराचा फकार होतो असें सांगितलें असून ‘फालेइ’ व ‘फाडेइ’ अशीं दोन रूपें दिलीं आहेत. त्याच सूत्रांत ‘पनस’ शब्द आहे. त्याचा आपला ‘फणस’ झाला. ‘फाडेइ’पासून ‘फाडणें’ सरळ निघतें, आणि ‘फालेइ’ची छाया ‘फाळणी’ शब्दांत दिसते असें मला वाटतें. ‘फाटणें’ हें मात्र ‘फट्टइ’ या द्वित्तयुक्त रूपावरून आलें. सुट्या टकाराचा मराठींत ड होतो, जोडटकार ट म्हणून टिकतो. तुटणें व तोडणें, फुटणें व फोडणें या जोड्यांतही हाच नियम आहे. पहिल्या रूपांत गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्यांत कोणाचा तरी हात असतो, आणि हाताबरोबर बहुधा हेतुही असतो.

चिरणें, कापणें, कातरणें यांना हत्यार लागतें व कड सरळ येते. फाडण्याला हत्यार नको. म्हणून कड वेडीवांकडी व दांतेरी येते. ‘टरकावणें’ म्हटलें म्हणजे त्यांत आवाज आणि राग यांची भर पडते. हातकागदाचे तंतु लांब असून ते एका दिशेनें बसलेले नसतात. यामुळें तो फाडला असतां कडेला तंतु केसांसारखे बाहेर राहतात. घडीवर झिजून तुटलेल्या कागदाची रेघ घडीबरोबर सरळ जाते. वाळवीची वाट निराळी, उंदराचे दांत निराळे. डोळा सरावला म्हणजे हा फरक ओळखण्यास अडचण पडत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणलेखासंबंधीं नियम आहेत. लेख नष्ट झाला, पुसला गेला, जळला किंवा छिन्नभिन्न झाला तर दुसरा करून घ्यावा, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे कागद गेला तरी ऋण जात नाहीं. हप्त्यानें फेडलेलें धन लेखाच्या पाठीवर लिहावें असाही नियम आहे. परंतु ऋण पूर्ण फिटल्यावर लेखाचें काय करावें, हें सांगतांना स्मृतिकार ‘पाटयेत्’ हें क्रियापद योजितो: तो फाडावा, किंवा शुद्धीसाठीं दुसरा लेख करून घ्यावा. हें दुसरें काम पुढें आपल्याकडे फारखतीनें केलें. आपल्या ‘फाडणें’ शब्दाचा मूळ धातुच येथें आला आहे. दैवानें छिन्न झालेला लेख पुन्हां करावा लागतो; हेतुपूर्वक पाटित केलेला लेख ऋण संपवितो.

कागदाचें हें बळ रयतेस पक्कें ठाऊक होतें. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांत सावकारांच्या घरांतील खतें व रोखे हस्तगत करून नष्ट करणें हाच लोकांचा मुख्य रोख होता. आरंभ १२ मे रोजीं सुपें येथें झाला. फेडीवांचून नष्ट केलेलें तें खत आणि फेडीनंतर फाडलेलें खत यांचे अर्थ एक नव्हेत; पण खत गेलें म्हणजे ओझें गेलें, ही समजूत दोहोंच्या मुळाशीं आहे.

या बाबतींत मीं स्वतः एकदां चूक केली आहे. एका घराण्याच्या रुमालांत दोन तुकडे झालेला कर्जरोखा सांपडला. मीं मोठ्या आस्थेनें खळ लावून पाठीवर पातळ कागद चिकटविला, यादींत ‘फाटका, दुरुस्त केला’ असें नोंदविलें, आणि त्या घराण्यावर कर्ज राहिलें असें टिपणही करून ठेविलें. कित्येक वर्षांनीं तो कागद एका कोंपऱ्यास सुटला, तेव्हां खालीं ‘भरून पावलों’ हीं अक्षरें दिसलीं. रोखा फाटला नव्हता. फाडून ऋणकोस परत दिला होता. सावकाराचा कागद ऋणकोच्या रुमालांत कां, हा प्रश्न मला त्या वेळीं सुचावयास पाहिजे होता. फिटलेलें कर्ज मीं खळीनें पुन्हां उभें केलें होतें.

अर्थात् फाडलेला प्रत्येक कागद फिटलेल्या कर्जाचा नव्हे. मोडी कागदांच्या पुड्या बांधल्या गेल्या, मुलांच्या हातींही ते पडले. म्हणून संग्राहकांस माझी विनंती एवढीच कीं, शेरा लिहितांना ‘जीर्ण’, ‘फाटलेला’ व ‘फाडलेला’ असे तीन शब्द निरनिराळे योजावे. कड कशी आहे, पाठीवर काय आहे, आणि कागद कोणाच्या दफ्तरांत सांपडला, हें डकविण्यापूर्वीं नोंदवावें. तुकडे जोडण्याची घाई नको. कित्येकदां त्या कागदावरचें शेवटचें वाक्य शाईनें लिहिलेलें नसतें. तें फाडूनच लिहिलेलें असतें.