दप्तरी दाखल झालेली गाणी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनाची आर्तता आणि रिदम अँड ब्लूजची लय यांच्या संयोगातून ज्या ‘सोल’ संगीताचा जन्म झाला, त्याचा इतिहास ज्यास समग्र जाणावयाचा असेल, त्याने बाजारात गाजलेल्या तबकड्यांइतकाच विचार, ध्वनिमुद्रित होऊनही प्रसिद्धीची मंजुरी न मिळाल्यामुळे वर्षानुवर्षे दप्तरी दाखल होऊन राहिलेल्या गाण्यांचाही केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या संगीताची दोन प्रमुख पीठे होती. उत्तरेस डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी याने १९५९ साली कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलरांचे कर्ज काढून जी कंपनी उभारली, तीच पुढे मोटाउन या नावाने विख्यात झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घराच्या दर्शनी भागी तिने ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी लावली. पूर्वायुष्यात मोटारींच्या कारखान्यात मजुरी केलेल्या गॉर्डीने तेथील शिस्त संगीतात आणली: रचनाकार, वादक आणि गायक यांची कामे वाटलेली असत, आणि तयार झालेले गीत प्रसिद्ध करावे की नाही, याचा निवाडा दर आठवड्यास भरणाऱ्या गुणनियंत्रणाच्या बैठकीत होत असे. दक्षिणेस मेम्फिस येथे जिम स्टुअर्ट या बँकेतील नोकरदाराने आणि ध्वनिमुद्रणयंत्रासाठी स्वतःचे घर गहाण टाकणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने, एस्टेल ॲक्स्टन हिने, मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरील एका जुन्या चित्रपटगृहात आपले ठाणे मांडले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून १९६१ साली कंपनीस ‘स्टॅक्स’ हे नाव मिळाले. चित्रपटगृहाची उतरती जमीन तशीच राहू दिल्याने तेथील ध्वनीस एक निराळाच घुमारा लाभला; आणि गायक-वादक एकत्र बसून, फार पूर्वतयारी न करता, जे वाजवीत, तेच बहुधा तबकडीवर उतरे. डेट्रॉइटच्या पाटीस उत्तर म्हणून या वास्तूवर ‘सोल्सव्हिल यू.एस.ए.’ अशी अक्षरे झळकली.

उत्तरेचा सूर रेखीव आणि दक्षिणेचा रांगडा, हा भेद त्या त्या मातीचा गुण होय, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. परंतु गॉर्डीचे आईवडील जॉर्जियातून आलेले होते, मोटाउनच्या असंख्य गीतांचा पाया रचणारा बेसवादक जेम्स जेमर्सन हा दक्षिण कॅरोलायनाचा होता, आणि मेम्फिसच्या ज्या बुकर टी. अँड द एमजीज या वाद्यवृंदास दक्षिणेच्या कृष्णवर्णीय सुराचा आदर्श मानतात, त्यात वर्णभेदाच्या त्या काळात गोरे आणि काळे वादक मांडीला मांडी लावून बसत. मातीपेक्षा वास्तूने, कामाच्या पद्धतीने आणि विशेषतः निवडीच्या कसोटीने हे सूर घडविले, असेच म्हणावे लागते.

ही कसोटी किती कठोर होती, हे नामंजूर ध्वनिफिती सांगतात. मोटाउनच्या टेम्प्टेशन्स या गायकवृंदातून बाहेर पडलेल्या डेव्हिड रफिन याने १९७० आणि १९७१ या वर्षांत गाऊन ठेवलेला ‘डेव्हिड’ हा अल्बम मोटाउनने प्रसिद्ध केला नाही. तो श्रोत्यांच्या हाती पडला २००४ साली, गायकाच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. मोटाउनचाच गायक मार्विन गे याच्या १९७२ मधील ‘यू आर द मॅन’ या राजकीय आशयाच्या गीतास कृष्णवर्णीय श्रोत्यांनी उचलून धरले, पण लोकप्रियतेच्या सर्वसाधारण यादीत ते ५० व्या क्रमांकापुढे सरकले नाही. त्याच नावाचा नियोजित अल्बम मागे पडला आणि २०१९ साली प्रकाशात आला. ‘तरुण अमेरिकेचा सूर’ हे ब्रीद मिरविणाऱ्या कंपनीच्या प्रतिमेत जे सहज सामावत नव्हते, ते असे बाजूस पडले. आणि रफिनचा तो चिरका, प्रार्थनासभेतून आलेला आवाज ऐकताना उत्तर-दक्षिण ही सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न पडतो.

स्टॅक्सची कथा अधिक करुण आहे, कारण तिचे नुकसान कागदाने केले. १० डिसेंबर १९६७ रोजी तिचा आघाडीचा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात मृत्यू पावला. आणि पुढल्याच वर्षी, अटलांटिक कंपनीशी असलेला वितरणाचा करार संपुष्टात येताना, त्या करारान्वये आजवर वितरित झालेल्या मूळ ध्वनिफितींची मालकी अटलांटिककडे गेली असल्याचे उघड झाले. रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी स्टॅक्सचा कारभारी अल बेल याने १९६९ साली एकदम २७ अल्बम प्रसिद्ध करविले; तरी १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरी आलीच. तेथील गीतकारांनी गायकांना चाल समजावी म्हणून स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेली नमुना-गीते २०२३ साली सात तबकड्यांच्या संचात, १४६ संख्येने, प्रथमच एकत्र झाली. ज्यांची नावे तबकडीवरील कंसात बारीक अक्षरांत छापली जात, त्यांची गायकी किती हळुवार होती, हे तेव्हा कळले.

सर्वच फितींच्या नशिबी असा पुनर्जन्म नव्हता. १९७८ साली न्यू जर्सीतील लाँग ब्रांच येथे अटलांटिकच्या वखारीस आग लागून हजारो फिती भस्मसात झाल्या. म्हणूनच माझे निवेदन असे की, नामंजूर ध्वनिफीत ही कंपनीची रद्दी नसून इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे. मंजूर झालेली गाणी कंपनीस आपला सूर कसा दिसावा असे वाटत होते, ते सांगतात. नामंजूर गाणी त्या कलावंतांच्या ठायी खरोखर काय काय होते, ते सांगतात. दोन्ही पुरावे समोर ठेवल्याखेरीज डेट्रॉइट आणि मेम्फिस यांच्या स्पर्धेचा निवाडा करण्याचा अधिकार कोणासही नाही.